खोपटपासून खाडी किती लांब? ठाणे-कल्याणच्या पाण्याच्या वाटा, पायी

जुलै महिन्यातली एखादी दुपार. खोपटच्या एसटी स्थानकात गाड्या लागलेल्या असतात आणि तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, वंदना सिनेमाच्या परिसरात, रस्त्यावर पाणी भरायला लागते. दुकानदार शटरपुढे फळ्या लावतात, रिक्षावाले परस्पर वळसा घेतात. ठाणेकरांना यात नवीन काही नाही. नवीन वाटावी अशी गोष्ट एकच : दिवस तोच, पाऊस तितकाच, पण कधी पाणी तासाभरात ओसरते आणि कधी चार तास हलत नाही.

कारण नाल्यात शोधले की अर्धेच सापडते. उरलेले अर्धे खाडीत आहे. खोपटपासून खाडीचे पाणी सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, मात्र खोपटला उतरणाऱ्या दहा माणसांना खाडी कुठे आहे विचारले तर बहुतेक जण ऐरोलीच्या पुलाकडे नाहीतर घोडबंदरकडे बोट दाखवतील. तलावांचे शहर म्हणून ठाण्याची ओळख सगळ्यांना आहे. ठाणे खाडीच्या काठावर वसले आहे, किंबहुना खाडीमुळेच वसले आहे, हे मात्र शहरात राहून विसरायला होते. ते पाणी पायी कसे गाठायचे, गाठल्यावर तिथे नेमके काय पाहायचे आणि सध्या तिथे काय बदलते आहे, याचा हा उलगडा.

नदी आहे की खाडी?

दोन्ही आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

उल्हास नदी सह्याद्रीत, लोणावळा-खंडाळ्याच्या आणि राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर असे करत ती कल्याणला येते. वाटेत बारवी तिला मिळते. कल्याणच्या अलीकडे काळू नदी येऊन मिळते; भातसा त्याआधीच काळूत मिसळलेली असते. मलंगगडाच्या बाजूने येणारी वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला उल्हासमध्ये उतरते. या वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. त्यावरच्या शिलालेखातला शक 982, म्हणजे इसवी सन 1060. आज त्या प्रवाहाला बरेच जण नाला म्हणतात. मंदिर बांधणाऱ्या शिलाहारांनी नाल्याकाठची जागा निवडली नसती एवढे नक्की.

कल्याणच्या आसपास समुद्राची भरती उल्हासला भेटते. तिथून खाली नदीचे नाव लोकांच्या तोंडी ‘खाडी’ होते. डोंबिवली, मुंब्रा, कळवा या बाजूने ती ठाण्याच्या उत्तरेला येते आणि मग पश्चिमेला वळून कोलशेत, गायमुख, घोडबंदरवरून वसईला समुद्रात जाते. ही झाली उल्हासची खाडी, म्हणजे वसईची खाडी.

ठाणे खाडी वेगळी. ती दक्षिणेकडून, मुंबई बंदराच्या बाजूने, वाशी आणि ऐरोलीच्या पुलांखालून ठाण्यापर्यंत आत शिरलेली समुद्राची जीभ आहे. तिला स्वतःची मोठी नदी नाही. पावसाळा सोडला तर तिच्यात गोडे पाणी फारसे येत नाही; येते ते नाल्यांचे. या दोन खाड्यांना जोडणारा एक अरुंद, उथळ पट्टा कळव्याजवळ आहे. त्या पट्ट्यामुळेच साष्टी हे बेट ठरते आणि ठाणे त्या बेटाच्या ईशान्येच्या कोपऱ्यावर येते. कळव्याच्या पुलावरून जाणारा माणूस दर वेळी एका बेटावरून मुख्य भूमीवर जात असतो. हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते, कारण पुलावर वाहतूक इतकी असते की पाण्याकडे बघायची सवड मिळत नाही.

या जोडपट्ट्यात भरती दोन्ही बाजूंनी येते, वसईकडून आणि मुंबईकडून. दोन भरत्या जिथे भेटतात तिथे पाण्याचा जोर मरतो आणि पाण्यातला गाळ खाली बसतो. खाडी इथे उथळ आहे त्याचे हे एक नैसर्गिक कारण. त्यात माणसाने टाकलेला राडारोडा मिळाला की काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

तिथीवरून भरती काढायची युक्ती

खाडीकडे जायचे तर घड्याळाआधी पंचांग बघावे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती.

चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी एकापासून पंधरापर्यंतच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबात दर तिथीला 45 मिनिटे धरली आहेत, इतकाच फरक. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा. त्यातही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत, ठाण्याच्या टोकाला पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या सुस्त भरतीला भांग. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढू शकते.

आता वंदनाकडे परत. शहराचे नाले खाडीत उतरतात ते निव्वळ उतारावर. त्यांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली गेली की उतार संपतो आणि पाणी जागच्या जागी थांबते. कधी उलटे आत येते. म्हणजे सखल भागात साचलेले पाणी ओसरायला खाडी रिकामी व्हावी लागते. पाऊस ओहोटीत पडला तर तासाभराची गैरसोय, भरतीत पडला तर दुकानात पाणी. पावसाळ्यात वर्तमानपत्रे भरतीच्या वेळा छापतात त्या याचसाठी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी मोठी भरतीही होती. त्या दिवसाची आठवण सांगताना लोक पावसाचा आकडा सांगतात, भरतीचा कुणी सांगत नाही.

पहिली वाट : खोपट ते कळवा पूल

ही वाट साधारण तीन किलोमीटरची. रमतगमत दीड तास पुरतो. सकाळी सातच्या आत निघावे. नंतर जांभळी नाक्याच्या गर्दीत चालणे म्हणजे ढकलले जाणे.

खोपटला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे. चारी बाजूंनी वस्ती चढलेली, पाण्याचा तुकडा आक्रसलेला. ठाण्यात एके काळी साठेक तलाव होते असे सांगितले जाते. आज उरलेले त्याच्या निम्म्याच्या आसपास आहेत. जवळच्या उथळसर या नावातही ‘सर’ आहे, उथळ तळे असा त्याचा सरळ अर्थ होतो. तळे मात्र शोधावे लागेल. पावसाचे पाणी आधी या तळ्यांत आणि भातखाचरांत थांबायचे आणि सावकाश खाडीकडे जायचे. ती थांबायची ठिकाणे भरली गेली, म्हणून आता सगळे पाणी एकदम नाल्यावर येते.

चरईतून पुढे मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी. काठावर कौपिनेश्वराचे मंदिर. मराठ्यांनी साष्टी घेतल्यानंतर, 1760 च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते नव्याने उभारले. त्याच तलावाच्या दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. एका तळ्याभोवती शिलाहारांचे श्रीस्थानक, पोर्तुगीजांचे ठाणे आणि मराठ्यांचे ठाणे दहा मिनिटांत फिरून होते. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातही ठाण्याचे नाव येते, बंदर म्हणून.

जांभळी नाक्यावरून कोर्ट नाक्याला आले की रस्ता किंचित उतरतो. समोर उंच तट दिसतो तो ठाणे मध्यवर्ती कारागृहाचा. हाच ठाण्याचा किल्ला. त्याचे फोटो काढता येत नाहीत आणि आत जाता येत नाही, त्यामुळे शहराच्या मध्यभागी असलेला हा किल्ला बहुतेक दुर्गप्रेमींच्या यादीत नसतोच. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये तो बांधायला घेतला. पुरा होण्याआधीच मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई घेतली. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायमची गेली. या छोट्या किल्ल्यासाठी एवढी ओढाताण का? भिंतीला पाठ लावून खाडीकडे पाहिले की उत्तर मिळते. मुंबई बेटाचा मागचा दरवाजा इथे आहे. वसईहून आत येणारी आणि कल्याणहून खाली उतरणारी गलबते याच अरुंद पट्ट्यातून मुंबईकडे जायची. ज्याच्याकडे ठाण्याचा तट, त्याच्या हातात दरवाजाची कडी.

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे ठेवला होता. सप्टेंबर 1816 मध्ये तो इथून निसटला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला याच तुरुंगात फाशी दिली गेली.

तुरुंगाच्या टोकाला कळव्याचा पूल येतो. इथे एकापेक्षा जास्त पूल शेजारी शेजारी आहेत. त्यातला दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल वाहतुकीसाठी बंद झाला आहे, पण नजर तिकडेच जाते. दक्षिणेला रेल्वेचा पूल दिसतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली ती जागा उगीच निवडली नव्हती : पुढे खाडी होती. खाडीवर पूल बांधून 1 मे 1854 ला गाडी कल्याणला पोचली. पलीकडे पारसिकची टेकडी दिसते. पहिला रेल्वेमार्ग तिला वळसा घालून मुंब्र्यावरून गेला आणि 1916 मध्ये टेकडीतून सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा काढला गेला. धीमी लोकल अजूनही जुन्या वळशाने जाते. कळवा आणि मुंब्र्याच्या मधे, कल्याणकडे जाताना डाव्या खिडकीतून खाडी दिसते. तिकिटाच्या पैशात एवढे चांगले खाडीदर्शन दुसरे नाही.

ओहोटीच्या वेळी पुलावरून खाली पाहिले की चिखल हलताना दिसतो. ते निवटे. गलफड्यांत पाणी धरून चिखलावर सरपटणारा, डोळे डोक्यावर असलेला हा मासा. त्यांच्या आजूबाजूला एक डांगी मोठी असलेले छोटे खेकडे, आणि बाजूला पांढरे बगळे. भरती आली की पाच मिनिटांत सगळे पाण्याखाली.

कोळीवाडा आणि मीठबंदर

ठाणे स्थानकाला खेटून चेंदणी कोळीवाडा आहे. रेल्वे आली ती त्याच्या मधूनच, त्यामुळे आज तो रुळांच्या दोन्ही अंगांना सापडतो. अरुंद बोळ, अंगणातल्या तुळशी, कुठेतरी वाळत घातलेले जाळे. पूर्वेकडे मीठबंदर रोड खाडीवर जातो. नावात मीठ आहे, कारण इथून मुलुंड-भांडुपपर्यंतच्या किनाऱ्यावर मिठागरे होती. काही अजून आहेत. मिठागर म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, उन्हात आटवायचे, एका खणातून दुसऱ्यात घ्यायचे आणि शेवटच्या खणात दाताळ्याने मीठ ओढायचे. पावसाळ्यात तीच मिठागरे पाणी साठवून घेतात. त्यांच्यावर इमारती उभ्या करण्याचा विषय अधूनमधून निघतो तेव्हा हा दुसरा उपयोग फारसा बोलला जात नाही.

खाडीतून बोई, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या आणि नशीब असेल तर जिताडा मिळायचा. जिताडा हा खाऱ्या आणि गोड्या पाण्यात ये-जा करणारा मासा, म्हणजे खाडीचे पाणी जिवंत असल्याची खूण. जुने कोळी आज मिळणाऱ्या माशाला घासलेटाचा वास येतो म्हणून तक्रार करतात. नारळी पौर्णिमेला मात्र कोळीवाड्यातून नारळ वाजतगाजत खाडीवर जातो.

साकेत-बाळकुम : पाणी वर आणि पाणी खाली

दुसरी वाट राबोडीवरून साकेतला आणि तिथून जलवाहिनीच्या कडेकडेने बाळकुमला. रस्ता सपाट आहे, पण सावली कमी आणि काही पट्टे निर्जन. एकट्याने अंधार पडल्यावर जाण्यासारखा नाही; सकाळी दोघे-तिघे मिळून जावे.

माणूस उभा राहिला तर डोके पोचणार नाही अशा जाडीच्या जलवाहिन्या इथे शेजारून जातात. भातसा धरण शहापूर तालुक्यात. त्याचे पाणी नदीतून पिसेपर्यंत येते, तिथे मुंबई महापालिका ते उचलते, पांजरापूरला शुद्ध करते आणि मोठाल्या वाहिन्यांतून मुंबईला नेते. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी भातसाचे. म्हणजे जे पाणी उल्हासमधून वाहत याच खाडीत आले असते, ते खाडीच्या वरून, लोखंडात बंद होऊन मुंबईला जाते. आणि वापरून झालेले पाणी गटारांतून परत खाडीत येते. पाण्याचा हा अख्खा प्रवास एका जागी उभे राहून बघता येईल अशी जागा महानगरात दुसरी सापडणे कठीण.

जलवाहिनीच्या पलीकडे तिवरांचे रान आहे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड ओहोटीच्या वेळी या मुळांनी श्वास घेते. मुळांवर डेब्रिजचा एक हातभर थर टाकला की झाड तोडायची गरजच पडत नाही, ते आपोआप गुदमरते. खाडीकाठी रात्री ट्रक रिकामे होतात ते बहुतेक वेळा असेच. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आदेशाने राज्यात तिवरे तोडण्यावर बंदी घातली आणि सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती कायम केली. तिवरांभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. कायदा कडक आहे. कमी पडते ती रात्रीची गस्त.

तिवरांत शिरू नये. चिखल दिसतो त्यापेक्षा खोल असतो, गुडघ्यापर्यंत गेलेला पाय चप्पल ठेवून घेतो, आणि परतीच्या वाटेवर भरती आलेली असते.

गुलाबी पाहुणे आणि गटाराचे पाणी

ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला ठाणे खाडीचा पश्चिम किनारा ऑगस्ट 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यात निम्म्याहून अधिक तिवरे, बाकी पाणी. ऑगस्ट 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. ऐरोलीला वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीच्या वेळा पाहून बोट सोडतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी, बोलीभाषेत फ्लेमिंगो, हजारोंनी असतात.

ते इथे का येतात, याचे उत्तर थोडे अवघड करणारे आहे. लहान रोहित हा निळे-हिरवे शैवाल गाळून खाणारा पक्षी. शैवाल वाढते ते नत्र आणि स्फुरद भरपूर असलेल्या, संथ, उथळ पाण्यात. आणि ठाणे खाडीला ते खत देतात शहरांचे सांडपाणी. पक्षी अभ्यासकांनी वाढलेल्या थव्यांचा संबंध या सांडपाण्याशी जोडला आहे. मग गटारे अशीच राहू द्यायची का? तसे नाही. सांडपाणी एका मर्यादेपर्यंत शैवाल वाढवते, त्यापुढे पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि त्यात कारखान्यांची रसायने आली की साखळी खालपासून तुटते. गुलाबी थवा दिसला म्हणजे खाडी निरोगी, असा अर्थ काढता येत नाही. जिताड्याची खूण जास्त विश्वासाची.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून शिळफाट्याला जातो. त्यातला सुमारे सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीच्या तळाखालून आहे. वर पूल न बांधता खाली जाण्यामागे अभयारण्य हे एक मोठे कारण होते.

कल्याण-डोंबिवली : नदी जिथे बंदर होती

तिसरी वाट लोकलने सुरू होते. कल्याण स्थानकातून पश्चिमेला शेणाळे तलावावरून, ज्याला लोक काळा तलाव म्हणतात, दुर्गाडीपर्यंत अडीचेक किलोमीटर. दुर्गाडीच्या पायथ्याशी गणेश घाट आहे आणि समोर उल्हासचा रुंद पट्टा. इथे उभे राहिल्यावर कल्याण बंदर का होते ते कळते. समुद्रापासून इतक्या आत, वादळापासून सुरक्षित, आणि मागे घाटवाटा : माळशेज, नाणेघाट, बोरघाट यांच्या बाजूने देशावरचा माल खाली यायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याणचे नाव आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत.

गलबते शिडापेक्षाही भरतीच्या हिशेबाने चालत. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली. म्हणून तिथीची पाऊणपट ही केवळ गंमत नव्हती, ते वेळापत्रक होते. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात या खाडीच्या काठावर जहाजबांधणीने झाली. आरमार म्हटले की सिंधुदुर्ग आठवतो. त्याचा पाळणा मात्र कल्याणच्या चिखलात हलला.

डोंबिवली पश्चिमेला मोठागाव आणि देवीचा पाडा या बाजूंनी खाडीवर जाता येते. रेतीबंदर हे नाव इथेही आहे, मुंब्र्यालाही आहे, कल्याणलाही. मुंबईच्या इमारतींत या खाडीची रेती आहे. ती काढायची जुनी पद्धत डुबीची : होडीतून बांबू किंवा दोराच्या आधाराने माणूस बादलीसह तळाशी जायचा, श्वास रोखून बादली भरायचा आणि वर यायचा, दिवसातून कितीतरी वेळा. नंतर सक्शन पंप आले. तळ खोल होत गेला, काठ ढासळू लागले आणि खारे पाणी आत, शेतांकडे सरकले. गाळ साचला म्हणून एकीकडे खाडी उथळ आणि रेती उपसली म्हणून दुसरीकडे खोल खड्डे, अशी या पाण्याची आजची तब्येत आहे. वर शहाड-मोहने भागात उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दिसायला सुंदर, पण तीच नदी अनेक शहरांचे पिण्याचे पाणी आहे.

पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते. बोटी आणि हेलिकॉप्टर आले, सगळे सुखरूप बाहेर पडले. नदी त्या दिवशी तिच्या जुन्या पसरट पात्रात गेली होती, जिथे मधल्या काळात रूळ, रस्ते आणि वसाहती आल्या आहेत.

काठ कुणासाठी?

खाडीकाठ बंद राहिला तर तिथे डेब्रिज पडते आणि उघडला तर गर्दी होते, अशी कात्री आहे. ठाणे महापालिकेने गायमुख, कोलशेत, साकेत-बाळकुम, कोपरी, मुंब्रा-रेतीबंदर अशा काही ठिकाणी काठ विकसित करण्याची कामे हाती घेतली. गायमुखची चौपाटी संध्याकाळी भरलेली असते, आणि तिथे बसलेल्या माणसाला समोर वसईच्या खाडीचा पट्टा आणि मागे येऊरचा डोंगर दिसतो. काँक्रीटचा काठ बघून निसर्गप्रेमी नाक मुरडतात, पण आजीला व्हीलचेअरवर पाण्यापर्यंत नेता येईल अशी दुसरी जागा या किनाऱ्यावर क्वचितच असेल.

मोठा बदल बाळकुम ते गायमुख या सुमारे 13 किलोमीटरच्या खाडीकिनारा रस्त्याचा. घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्यांना तो हवा आहे आणि त्यांची अडचण खोटी नाही. रस्ता तिवरांच्या पट्ट्यातून जातो, म्हणून आक्षेपही आहेत. पायी चालणाऱ्याचा प्रश्न वेगळाच : हा रस्ता माणसांना पाण्याजवळ नेईल की पाणी आणि वस्ती यांच्या मधे वेगवान गाड्यांची भिंत घालेल? ते ठरते ओलांडण्याच्या जागांवर, भुयारी मार्गांवर, पदपथाच्या रुंदीवर. लंडनमध्ये थेम्सच्या उगमापासून शहरापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरची सलग पायवाट 1996 मध्ये खुली झाली, ती नव्याने जमीन घेऊन नाही. काठाने बोटी ओढून नेणाऱ्या जुन्या वाटा जपल्या होत्या, त्या जोडल्या गेल्या. ठाण्यातही मीठबंदर, चेंदणी, राबोडी, बाळकुम, कोलशेत अशा जुन्या बंदरवाटा आहेतच. त्यांची टोके शिल्लक आहेत, मधले तुकडे कुंपणांत गेले आहेत.

पाण्यावरची वाटही कागदावर आहे. 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा 145 किलोमीटरचा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला. कोलशेत, डोंबिवली, भाईंदर, वसई अशा धक्क्यांची नावे त्यात येतात. कोचीत एप्रिल 2023 पासून वॉटर मेट्रो चालू आहे, त्यामुळे कल्पना अशक्य कोटीतली नाही. मात्र कोचीच्या खाजणांत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. इथे तो उधाणाला चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला ज्या धक्क्यासमोर चिखल उघडा पडतो, तिथे सकाळी 8 वाजून 12 मिनिटांची बोट रोज 8 वाजून 12 मिनिटांनीच सुटावी, तर सततचा गाळउपसा आणि पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के लागतील.

तोवर पायी जाणाऱ्यांनी वेळ पंचांगात बघावी. कळवा पुलावरून निवटे आणि बगळे पाहायचे असतील तर चतुर्थी-पंचमीच्या सकाळी नऊ-साडेनऊला पाणी उतरलेले सापडते. गणेश घाटावर भरलेली उल्हास पाहायची असेल तर एकादशी-द्वादशीची सकाळ बरी. कल्याणला पाणी मुंबईपेक्षा बरेच उशिरा चढते, त्यामुळे नऊच्या आधी पोचलात तर काठावर बसून भरती येताना बघता येते.